१८१८ चं दत्तक चाललं, मग १८५४ चं का नाही? नागपूरच्या इतिहासातली इंग्रजी मतं तपासायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांना 'पाश्चात्त्यांनी पूर्वेकडच्या देशांचा इतिहास कसा वाकवला' या विषयावर मुलांसमोर बोलायचं आहे. त्यांच्याजवळ पाच विधानं जमली आहेत. राजा निपुत्रिक वारला म्हणून नागपूरचं राज्य आपोआप कंपनीकडे गेलं. गोंड रानातले लोक, शहर उभारलं ते इंग्रजांनी. ठगांनी दहा लाख माणसं मारली. नागपूरकर भोसल्यांनी बंगालात लुटीपलीकडे काही केलं नाही. आणि पाचवं, मेकॉलेचं संसदेतलं ते भाषण, जे दर वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या आसपास सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतं. यातलं खरं किती, आणि मुलांना स्वतः तपासता येईल अशी रीत कोणती, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी रीत. वसाहतकाळातल्या लेखनात निव्वळ थापा फार थोड्या असतात. बहुतेक ठिकाणी घटना खरी, तारीख बरोबर, आणि तरी चित्र वाकडं. कारण तो कागद कुठल्या तरी निर्णयासाठी तयार झालेला असतो. मुलूख घ्यायचा असतो, सारा ठरवायचा असतो, एखादी जमात पोलिसांच्या हाजिरीत आणायची असते, लंडनला खर्च पटवून द्यायचा असतो. म्हणून विधान हाती आलं की पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच नोंदी करायच्या: घटना कधी घडली, ती कधी लिहिली गेली, कधी छापली गेली, लिहिणारा तेव्हा कोणत्या हुद्द्यावर होता, आणि त्या कागदामागोमाग कोणता हुकूम निघाला. शेवटच्या नोंदीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायचं, कारण कागदाची दिशा तिथं उघडी पडते. ज्या विधानाच्या या पाचही जागा रिकाम्या राहतात, ते वर्गात खरं म्हणून सांगायचं नाही, ते कितीही आवडीचं असलं तरी.

आता नागपूरचं खालसा होणं घ्या. मुलांना हेच उदाहरण सर्वांत आधी द्यावं, कारण महालातला वाडा आणि सीताबर्डीची टेकडी त्यांच्या रोजच्या पाहण्यातली आहे आणि कागदही भरपूर छापलेले आहेत.

तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. औरस मुलगा नव्हता. गव्हर्नर जनरल डलहौसीचं राज्य खालसा करण्याबद्दलचं टिपण २८ जानेवारी १८५४ चं आहे, म्हणजे मध्ये सात आठवडेही गेले नाहीत. पुढे भारत सोडताना २८ फेब्रुवारी १८५६ च्या अहवालात त्यानं नोंदवलं की कायदेशीर वारस कोणीच नसल्यानं नागपूर आपसूक ब्रिटिश मुलूख झालं. त्याच अहवालात नव्या मुलखांच्या उत्पन्नाची यादी आहे आणि नागपूरसमोर सुमारे ४१ लाख रुपये लिहिलेले आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांतलं वाक्य या अहवालातल्या वाक्याचंच वंशज आहे.

हे तपासायला १८१८ पर्यंत मागे जावं लागतं. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, डिसेंबरात नागपूर पडलं, पुढच्या वर्षी तेव्हाचे भोसले राजे आप्पासाहेब यांना पदच्युत केलं. गादीवर बसवायला वारस हवा होता. तेव्हा दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा, बाजीबा, हा आधीच मारल्या गेलेल्या परसोजींच्या विधवेनं, दुर्गाबाईंनी, दत्तक घेतला आणि जून १८१८ मध्ये तो तिसरे रघुजी म्हणून गादीवर बसला. नवऱ्याच्या पश्चात विधवेनं घेतलेलं हे दत्तक, आणि ते इंग्रज रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीच्या, संमतीनं झालं. म्हणजे १८५३ साली जे राजे वारले ते स्वतःच अशा दत्तकानं आलेले होते.

त्यांच्या मृत्यूनंतर दुसऱ्या रघुजींच्या विधवा बांकाबाई आणि इतर राण्यांनी नात्यातल्या यशवंतराव अहिररावांकडून क्रियाकर्म करवलं, त्यांना दत्तक घेतलं, जानोजी हे नाव ठेवलं. मराठा घराण्यांत ही रीत रूढ होती आणि याच घराण्यात ती पस्तीस वर्षांपूर्वी खुद्द रेसिडेंटसमोर पाळली गेली होती. डलहौसीला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याचा युक्तिवाद असा होता की १८१७-१८ मध्ये राज्य जिंकलेलं होतं, ते रघुजींना कंपनीनं देणगी म्हणून दिलं, म्हणून देणगी घेणाऱ्याचा वंश थांबला की ती परत येते. टिपण इथं थांबलं असतं तर तो एक कायद्याचा वाद ठरला असता. पण त्याच टिपणात कापसाचा मुद्दा आहे: वऱ्हाड-नागपूर पट्ट्यातला चांगला, स्वस्त कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळावा, आणि त्यासाठी हा मुलूख हाती असावा. वारसाहक्काच्या कागदात कापूस कशाला, हा प्रश्न मुलांनी विचारायला हवा. कार्डावरची शेवटची नोंद इथं भरते.

दोन गोष्टी याला जोडून सांगाव्यात. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातले कर्नल जॉन लो यांनी या निर्णयाविरुद्ध आपलं मत लेखी नोंदवलं होतं. म्हणजे 'तेव्हाच्या काळात सगळ्यांना हे योग्यच वाटत होतं' हा बचाव त्यांच्याच दप्तरात खोटा ठरतो. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. १८५७ मध्ये बांकाबाई इंग्रजांच्या बाजूनं राहिल्या आणि त्यानंतर, १८६१ साली, त्याच जानोजींना देऊरचे राजेबहादूर म्हणून मान्यता दिली गेली. देऊर सातारा जिल्ह्यातलं. राज्य मात्र परत मिळालं नाही. १८१८ ला दत्तक चालतं, १८५४ ला चालत नाही, १८६१ ला त्याच मुलाचा मान राखला जातो. तीन कार्डं शेजारी ठेवली की मुलांना व्याख्यानाची गरज उरत नाही. दरम्यान भोसल्यांचे जवाहीर कलकत्त्यात लिलावात गेले आणि हत्ती, घोडे, बैल इथंच मातीमोल विकले गेले. ही हकीकत त्या काळच्या इंग्रज इतिहासकारांनीही लिहून ठेवली आहे.

हे कागद शोधताना नवीन माणूस हमखास एका ठिकाणी अडकतो. इंग्रजी दप्तरात नागपूरच्या भोसल्यांना 'बेरारचा राजा' म्हटलेलं असतं. ब्रिटिश संसदेपुढे ठेवलेले खालसाचे कागदही याच नावाखाली सापडतात. वऱ्हाड तर निजामाचं. १८०३ च्या देवगावच्या तहानं वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा भाग भोसल्यांच्या हातून गेला होता. पण जुनं नाव इंग्रजी दप्तरात तसंच चालू राहिलं. नागपूर या नावानं शोधलं तर अर्धे कागद हातून निसटतात.

संसदेपुढच्या छापील कागदांबद्दल आणखी एक सावधगिरी. ते मूळ दप्तर नव्हे, त्यातली निवड आहे. काय होऊ शकतं याचं सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण अफगाणिस्तानचं आहे. काबूलहून कंपनीचा वकील अलेक्झांडर बर्न्सनं पाठवलेले खलिते १८३९ मध्ये छापताना असे कापले गेले की तिथला अमीर दोस्त मोहम्मद याच्याबद्दलचं त्याचं अनुकूल मत वाचणाऱ्यापर्यंत पोचू नये. पूर्ण मजकूर १८५९ मध्ये बाहेर आला. तोवर युद्ध होऊन वीस वर्षं झाली होती आणि बर्न्स काबूलमध्ये मारला गेलेला होता. म्हणून छापील पत्राच्या माथ्यावर 'उतारा' असं असेल, किंवा मजकुरात चांदण्या टाकून जागा सोडली असेल, तर तिथं खूण करायची आणि मूळ पत्र कुठं आहे ते शोधायचं. नागपूर रेसिडेंसीच्या दप्तरातली निवड स्वातंत्र्यानंतर नागपुरातूनच अनेक खंडांत छापली गेली. पडताळणीला ती फार उपयोगी पडते.

गोंडांबद्दलच्या विधानाकडे वळू. इथं दोष वेगळ्या जातीचा आहे.

देवगडच्या बख्त बुलंद शाहनं १७०२ च्या सुमारास राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वस्त्या जोडून नागपूर वसवलं. त्याच्यानंतर चाँद सुलताननं राजधानी इथं आणली, तट बांधला, जुम्मा तलाव बांधला. आज आपण त्याला गांधीसागर किंवा शुक्रवारी तलाव म्हणतो. चाँद सुलतान १७३९ मध्ये वारला, वारसाचा तंटा झाला, राणीनं पहिल्या रघुजींची मदत मागितली, आणि १७४३ नंतर भोसले इथंच राहिले. त्यांनी गोंड राजाची गादी नावापुरती का होईना राखली. चंद्रपूरचा तट आणि रामाळा तलाव हेही गोंड राजांचंच काम.

गंमत अशी नाही की इंग्रजांनी हे लपवलं. त्यांच्या गॅझेटियरात, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी पुस्तकात, हे सगळं आहे, पण इतिहासाच्या प्रकरणात. त्याच पुस्तकाच्या लोकसंख्येच्या प्रकरणात गोंड 'आदिम', जंगलात राहणारे, शेतीची नावड असलेले असे येतात. दोन प्रकरणं लिहिणाऱ्यांची गरज वेगळी होती. लोकसंख्येचं प्रकरण जंगलखात्याच्या आणि साऱ्याच्या कामाचं होतं, आणि ज्या लोकांना जंगलातून हटवायचं किंवा मजूर म्हणून मोजायचं आहे, त्यांचे राजे तिथं नकोसे होते. मुलांना एकच पुस्तक देऊन ही दोन प्रकरणं एकापाठोपाठ वाचायला लावा. बाहेरून दुसरा पुरावा आणायचीही गरज पडत नाही.

गॅझेटियरांचा सर्वांत मोठा धोका मात्र मोजणीचा आहे. एक गोष्ट चार पुस्तकांत आली की आपल्याला वाटतं, चार साक्षीदार झाले. नागपूर प्रांताबद्दल पहिला मोठा अहवाल रेसिडेंट जेंकिन्सचा, १८२७ चा. ग्रँटच्या १८७० च्या गॅझेटियरानं त्यावर बराच भार टाकला. रसेलनं संपादलेलं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटियर १९०८ चं. त्यात दोन्ही आले. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारी गॅझेटियरात जुना मजकूर पुन्हा उतरला. चार पुस्तकं, साक्षीदार एक. आणि जेंकिन्स १८१८ नंतर लहान राजाच्या नावानं राज्याचा कारभार स्वतः पाहत होता, म्हणून आधीच्या कारभाराबद्दल तो जे लिहितो ते आपल्या जागी आधी बसलेल्याबद्दल लिहितो. आप्पासाहेबांच्या काळाचं वर्णन त्याच्याकडे शक्य तितकं काळं असणारच. मराठी साधनांकडे वळलं म्हणून यातून सुटका होईल असंही नाही: काशीराव राजेश्वर गुप्ते यांची भोसल्यांची बखर याच जेंकिन्सच्या सांगण्यावरून लिहिली गेली. बखर मराठी आहे, माहिती घरची आहे, पण ती कोणाच्या हाती द्यायची हे लिहिताना ठाऊक होतं.

काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांची, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळांची, कथा थोडक्यात सांगतो, कारण शाळेची सहल तिथं सहज जाते. रिव्हेट-कार्नाक हा कापूस खात्याचा कमिशनर. त्यानं १८६० च्या दशकात ही दफनं उघडली आणि दगडांवरच्या वाटीसारख्या खुणांची तुलना युरोपातल्या थडग्यांशी केली. त्यातून दोन्हीकडे एकाच वंशाचे, बाहेरून आलेले लोक असावेत असा तर्क लढवला गेला. दगडांची रचना सारखी म्हणून माणसं एकच, ही त्या काळची आवडती उडी होती. विसाव्या शतकात टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथं पद्धतशीर उत्खननं झाली. दफनांच्या जवळच राहती वस्ती निघाली, नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, माहुरझरीला घोड्याचं दफन आणि तांब्याचे अलंकार. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात इथं राहून लोखंड गाळणारे, मणी घडवणारे, घोडे बाळगणारे लोक होते. रिव्हेट-कार्नाकनं घेतलेली मापं आणि आकृत्या आजही कामाच्या आहेत. निष्कर्ष बाजूला ठेवायचा. त्या काळच्या बहुतेक पुरातत्त्व-लेखनाला हीच वागणूक द्यावी.

मालगुजारीबद्दल पूर्व विदर्भातल्या मुलांशी बोलायलाच हवं, कारण ही वाकडी समजूत अजून गावागावांत जिवंत आहे. भोसल्यांच्या काळी गावचा पाटील किंवा मक्तेदार सारा गोळा करून भरत असे. १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात, म्हणजे जमिनीचा सारा ठरवताना, इंग्रजांनी अशा लोकांना गावाच्या जमिनीचे मालक केलं, आणि दोन पिढ्यांत ही मालकी प्राचीन परंपरा म्हणून अहवालांत वावरू लागली. १९५० च्या कायद्यानं ती संपली. पण भंडारा, गोंदिया, गडचिरोलीतले तलाव आजही माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव म्हणून सरकारी यादीत आहेत. त्यातले कित्येक तलाव गोंड राजांच्या उत्तेजनानं कोहळी शेतकऱ्यांनी, मालगुजार ही मालकी जन्माला येण्याच्या कितीतरी आधी बांधलेले. ज्यानं पाळ घातली त्याचं नाव गेलं, ज्याच्या नावावर सातबारा चढला त्याचं राहिलं. गावातल्या म्हाताऱ्यांकडून तलावाच्या बांधणीची हकीकत लिहून घ्यायची आणि बंदोबस्ताच्या कागदातल्या नावाशेजारी ठेवायची. या कामाला फार उशीर झालेला आहे.

आकड्यांची तपासणी मुलांना आवडते, कारण तिथं वही-पेन पुरतं. कलकत्त्याच्या अंधारकोठडीची गोष्ट घ्या. तिथून वाचलेला कंपनीचा अधिकारी हॉलवेल म्हणतो, कलकत्ता सिराजउद्दौलाच्या हाती पडल्यावर २० जून १७५६ च्या रात्री १४६ जणांना कोंडलं आणि १२३ मेले. खोलीचं माप १८ फूट गुणिले १४ फूट १० इंच. म्हणजे साधारण २६७ चौरस फूट. १४६ नं भागा: माणशी १.८ चौरस फूट. वर्गाच्या फरशीवर खडूनं चौकोन आखा आणि मुलं उभी करून पाहा. पुढच्या संशोधकांनी नावांवरून मोजदाद केली तेव्हा कोंडलेल्यांचा आकडा ६४ च्या आसपास आला आणि त्यातले २१ वाचले. माणसं गुदमरून मेली हे खरं. मुलांसमोर ते हसण्यावारी जाऊ देऊ नका. पण हॉलवेलचा आकडा प्लासीच्या आधीच्या महिन्यांत लिहिला गेला आणि दीडशे वर्षं प्लासीचं समर्थन म्हणून वापरला गेला. कर्झननं १९०२ मध्ये त्याचं स्मारक पुन्हा उभारलं; सुभाषबाबूंच्या आंदोलनानंतर १९४० मध्ये ते चौकातून हटलं.

ठगांचा आकडा याहून अवघड. ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन याचं काम सागर-नर्मदा मुलखातलं, जबलपूर केंद्र धरून; हा मुलूख १८१८ मध्येच पेशवे आणि भोसल्यांकडून गेलेला. प्रवाशांचे गळे आवळून खून करणाऱ्या टोळ्या होत्या, प्रेतं सापडली, यात शंका नाही. वाकडेपणा शिरला तो माफीच्या साक्षीदारांतून. ज्याचा फास टळणं नवी नावं देण्यावर अवलंबून आहे, तो नावं देत राहतो. १८३६ च्या ३० व्या कायद्यानं ठगांच्या टोळीचा असल्याचं सिद्ध झालं की जन्मठेप ठेवली, टोळीत कायद्याआधी असला तरी. आणि ठग कोणाला म्हणायचं याची व्याख्याच कायद्यात दिली नाही. बेहराम नावाच्या ठगानं ९३१ खून केले असं अजून छापून येतं. त्याच्या जबानीत इतक्या खुनांच्या वेळी आपण हजर होतो असं आहे. स्वतःच्या हातानं सुमारे १२५ जणांचा गळा आवळल्याचं तो सांगतो. तेही जबानीतलं, तपासलेलं नव्हे. दहा लाखांचा आकडा तर १९२० साली स्लीमनच्या नातवानं पुस्तकाच्या नावातच घातला. कार्ड भरलं की लिहिण्याची तारीख घटनेपासून किती दूर गेली ते दिसतं. याच विचाराचं पुढचं पाऊल १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. टोळीवरून आख्ख्या जमातीवर उडी मारली गेली, १९११ मध्ये तो देशभर लागू करण्याची सोय झाली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो उठला तरी विदर्भातल्या फासेपारध्यांच्या मागचा संशय उठलेला नाही. इतिहास वाकवल्याची किंमत आज कोण देतं, हे मुलांना इथं सांगावं.

आकडे फुगवलेले असतात तसे गायबही असतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातल्या मृत्यूंची नोंद गावचा कोतवाल देत असे. नोंदीचे रकाने ठरलेले: पटकी, देवी, ताप, अतिसार-आमांश, अपघात, इतर. उपासमारीला रकाना नाही. अन्नाविना खंगलेला माणूस शेवटी तापानं किंवा जुलाबानं जातो, आणि तिथंच चढतो. म्हणून अशा अहवालात 'भूकबळी' शोधू नका, सापडणार नाहीत. त्याच तालुक्याचे आधीच्या पाच चांगल्या वर्षांतले एकूण मृत्यू काढा, सरासरी घ्या, दुष्काळाच्या वर्षाच्या एकूण मृत्यूंतून ती वजा करा. उरतो तो आकडा खऱ्याच्या जवळ जातो. तोही कमीच असतो, कारण दुष्काळात कोतवालही गाव सोडून जातो आणि वाटेत मेलेल्याची नोंद कुठल्याच गावात होत नाही.

आता बंगाल. नागपूरकरांना बोचणारं असलं तरी हे स्पष्ट सांगावं लागतं: १७४२ पासूनच्या स्वाऱ्यांतले अत्याचार इंग्रजांनी रचलेले नाहीत. गंगाराम नावाच्या बंगाली कवीचं 'महाराष्ट्र पुराण' १७५१ चं आहे, प्लासीच्या सहा वर्षं आधीचं. त्यात गावं जाळणं, बायकांवरचे अत्याचार, लोकांचं घरदार सोडून पळणं, सगळं येतं. बंगाली आया ज्या बर्गींच्या नावानं मुलांना झोपवतात ते आपलेच बारगीर. कंपनीच्या लेखकांनी पुढे याचा उपयोग 'आम्ही अराजकातून सोडवलं' असं म्हणायला केला, तो उपयोग तपासावा. घटना नाकारू नये. आणि जे खरोखर झाकलं गेलं ते उलट बाजूला आहे. १७५१ च्या तहानं ओडिशा भोसल्यांकडे आलं आणि बंगालची १२ लाख रुपये वार्षिक चौथ ठरली. त्यानंतर १८०३ पर्यंत, बावन्न वर्षं, कटकेतून नागपूरचा कारभार चालला. पुरीच्या मंदिराची व्यवस्था त्यात होती. कोणार्कचा अरुणस्तंभ त्याच काळात पुरीत आला. या कारभारात चांगलं काय, जाच किती, हा अभ्यासाचा विषय आहे. 'लूट' एवढंच लिहिलं की तो विषयच संपतो.

मेकॉलेचं भाषण सरळ खोटं आहे. 'मी भारत उभा-आडवा फिरलो, एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही' या मजकुराखाली २ फेब्रुवारी १८३५, ब्रिटिश संसद, असं लिहिलेलं असतं. मेकॉले जून १८३४ मध्ये भारतात आला आणि १८३८ च्या सुरुवातीला परतला. त्या दिवशी तो कलकत्त्यात होता. त्याच तारखेचं त्याचं शिक्षणावरचं टिपण छापलेलं आहे, त्यात हे वाक्य नाही. खऱ्या टिपणात तो युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाची एक फळी भारत-अरबस्तानच्या सगळ्या साहित्याला भारी आहे अशा अर्थाचं लिहितो, तेही या भाषांतलं एक अक्षर येत नसल्याची कबुली देऊन. अपमान दाखवायला खरं टिपण भरपूर आहे. खोटं उद्धृत वापरलं की समोरचा माणूस ते एका मिनिटात खोडतो आणि आपलं उरलेलं खरं बोलणंही त्यासोबत जातं.

प्रत्यक्ष दप्तरात उतरणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. पुराभिलेख विभागाची नागपूर शाखा, विद्यापीठाचं ग्रंथालय, विदर्भ संशोधन मंडळ आणि अजब बंगला, म्हणजे १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, ही चार ठिकाणं मुलांना माहीत असावीत. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांत यंत्राच्या शोधावर विसंबू नका. त्या काळचं इंग्रजी लेखन नागपोर, सीताबुल्डी, वुर्दा, ओमरावती अशा उच्चारांचं आहे आणि एकाच पुस्तकात तीन तऱ्हा असतात. प्रत्येक तऱ्हेनं शोधा आणि परिशिष्टं पान-पान चाळा. मूळ पत्रं, याद्या, जबान्या परिशिष्टांतच असतात, आणि लेखकानं मुख्य मजकुरात काय गाळलं ते तिथं कळतं.

रकमा वाचताना रुपया कोणता ते पाहा. नागपुरी रुपया कंपनीच्या रुपयापेक्षा हलका; भोसल्यांचं उत्पन्न नागपुरी रुपयांत आणि इंग्रजी अमलाचं कंपनी रुपयांत घेऊन तुलना केली की काहीही सिद्ध करता येतं. खंडी या धान्याच्या मापाचंही तसंच, ती गावागणिक बदलते.

मोडी कागदांवरच्या तारखा हा चुकांचा मोठा झरा आहे. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या कागदाला ७९. मराठी दप्तरातल्या शुहूर सनात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, पुढे ६००. शुहूर ११६० म्हणजे १७५९-६०. दक्षिणी फसलीत, म्हणजे साऱ्याच्या हिशेबाच्या सनात, ५९० किंवा ५९१ मिळवायचे, पण उत्तरेकडच्या फसलीत ५९२ किंवा ५९३. नागपूरच्या दप्तरात जबलपूर-सागरकडून आलेले कागद असले की हा दोन वर्षांचा फरक घात करतो आणि एखादं पत्र लढाईच्या आधीचं की नंतरचं हेच उलटं लागतं. कागदावर वार आणि तिथी दोन्ही असतील तर पंचांगाच्या कोष्टकावरून जुळवून घ्या. वार जुळला नाही तर सन चुकीचा धरला आहे असं समजा. मोडीचं वाचन दोघांनी वेगवेगळं करावं आणि मगच ताडून पाहावं. एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं मान डोलवायची अशा वाचनात पहिल्याची चूक दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही, विशेषतः नावांत आणि आकड्यांत.